बाळाची चौघडी

घरांत मूल जन्माला येणार अशी वार्ता आली म्हणजे पाळणा, वाळे, आंगडीं-टोपडीं यांची चर्चा सुरू होते. पाळणा कोणाकडचा आणावा, वाळे कोणत्या सोनाराकडे करावे, याचा खल दिवसचे दिवस चालतो. पण जी वस्तु त्या मुलाच्या अंगाशीं सर्वांत अधिक वेळ राहावयाची असते, तिची आठवण बहुधा अखेरीस होते. मूल तिच्यावर हातपाय झाडतें, तिच्यावर पालथें पडावयास शिकतें, तिच्यांत गुंडाळलें जाऊन आजीच्या मांडीवरून आत्याच्या मांडीवर जातें, आणि दिवसांतून पांचसहा वेळां तीच भिजवितें. ही वस्तु म्हणजे बाळाचें दुपटें किंवा चौघडी.

या वस्तूचीं नांवेंच तिची कृति सांगतात. दोन पट एकत्र शिवले कीं दुपटें होतें. चार पदर एकावर एक ठेवले कीं चौघडी होते. जुन्या वस्त्रांचे अनेक थर एकत्र करून व वर ठिगळें लावून जी जाड शिवण तयार होते, ती गोधडी. दक्षिण महाराष्ट्रांत तिलाच वाकळ म्हणतात. रजई निराळी. तिच्यांत कापूस भरलेला असतो, आणि तो धुतला असतां गोळा होतो व लवकर वाळत नाहीं. तान्ह्या मुलाचें अंथरूण रोज धुवावें लागतें. म्हणूनच आपल्याकडे त्याच्यासाठीं कापूस न भरतां नुसत्या कापडाचे थर शिवण्याची चाल पडली. या चालीमागें दारिद्र्य होतें असें कोणी म्हणेल. तें अंशतः खरेंहि आहे. पण तिच्यांत शहाणपण त्याहून अधिक होतें.

हल्लीं बाजारांत तकतकीत कापडाचीं, आंत कृत्रिम तंतूंचा कापूस भरलेलीं बाळाचीं पांघरुणें सहज मिळतात. तीं दिसावयास देखणीं असतात; परंतु ओल शोषून घेत नाहींत आणि घाम जिरवीत नाहींत. उलट घरांतील एखादें जुनें सुती लुगडें, ज्यानें हातांत कधीं सुई धरली नाहीं अशा माणसाच्याहि हातून, चार-पांच दुपारींत उत्तम चौघडीचें रूप घेऊं शकतें. त्यासाठीं कौशल्य थोडें लागतें. पण प्रत्येक गोष्ट अमुक रीतीनेंच कां करावयाची हें समजून घेणें मात्र अवश्य असतें.

अहमदनगर जिल्हा (इ. स. २०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर असें झालें आहे) हा गोधडीचा जुना मुलूख. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेंत येणारा हा प्रदेश कोरडा आहे. कोरड्या हवेंत दिवसा ऊन तापतें आणि रात्रीं जमीन झपाट्यानें निवते. डिसेंबर-जानेवारींत नगरचें रात्रीचें तपमान अनेकदां दहा अंश सेंटिग्रेडच्या खालीं उतरतें. माळावरच्या धनगरांनीं या थंडीवर मेंढीच्या लोंकरीची घोंगडी काढली. गांवांतल्या बायकांनीं सुती लुगड्यांची गोधडी काढली. नगर, भिंगार, संगमनेर येथें पूर्वीं हातमागावर लुगडीं विणलीं जात, आणि जीर्ण झालेलें लुगडें टाकून देण्याची कल्पनाहि कोणाच्या मनांत येत नसे. दुसऱ्या महायुद्धांत, इ. स. १९४३ मध्यें, सरकारनें कापडावर नियंत्रण आणलें, तेव्हां तर शहरांतील सुखवस्तु घरांनाहि जुन्या वस्त्राची किंमत नव्यानें कळली. कर्जत गांवच्या लोकांनीं ज्यांना ग्रामदैवत मानलें, त्या संतांचें नांवच गोदड महाराज असें आहे. गोधडी हा शब्द त्या भागांत किती जिव्हाळ्याचा आहे, हें यावरून ध्यानांत यावें.

बालक आणि सूत यांचें नातें तर या जिल्ह्यांत याहूनहि पुरातन आहे. प्रवरेच्या कांठीं नेवासें येथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें डॉ. हंसमुख सांकळिया यांच्या नेतृत्वाखालीं इ. स. १९५४ पासून उत्खनन केलें. तेथें सुमारें तीन हजार वर्षांपूर्वींच्या वस्तींत पुरलेल्या एका बालकाच्या गळ्यांत तांब्याच्या मण्यांची माळ सांपडली. मण्यांच्या आंत दोऱ्याचा अंश टिकून राहिला होता. तो तपासला असतां त्यांत कापूस व रेशीम हे दोन्ही तंतु आढळले. कोणा आईनें किंवा आजीनें तो दोरा ओवला असेल. त्या वेळेपासून आजपर्यंत मुलासाठीं दोरा ओवण्याचें काम या भूमींत खंडलेलें नाहीं.

अलीकडील काळांत शिवणकामाला शाळेचीहि जोड मिळाली. अमेरिकन मराठी मिशनचें कार्य नगरला इ. स. १८३१ मध्यें सुरू झालें. मिस सिंथिया फरार या बाई इ. स. १८३९ मध्यें तेथें आल्या आणि इ. स. १८६२ मध्यें तेथेंच निधन पावेपर्यंत मुलींच्या शिक्षणाचें काम करीत राहिल्या. त्या काळच्या मुलींच्या शाळांतून वाचन-लेखनाबरोबर शिवणकामहि शिकवीत. सरळ टीप, बारीक टांका, मापांत कापणें ही शाळेची देणगी; आणि कापडाचा कल ओळखून हातानें तें वश करणें ही घरच्या जाणत्या बायकांची देणगी. चौघडी शिवणाराला या दोहोंचा उपयोग होतो.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळावें.

पहिली गोष्ट कापडाची निवड. कापड शुद्ध सुती असावें व पुष्कळ वेळां धुतलेलें असावें. नवें कापड खळीमुळें ताठ असतें. शिवाय पहिल्या दोनतीन धुण्यांत तें आटतें. एक थर नवा व तीन जुने अशी चौघडी शिवली, तर पहिल्याच धुण्यानंतर नवा थर आटून बाकीच्यांना चुण्या पाडतो. म्हणून नवें वापरावयाचेंच असेल, तर तें आधीं दोनतीन वेळां धुवून घ्यावें. जुनें लुगडें बसण्याच्या जागीं व कासोट्याच्या भागांत आधीं विरतें; पदराजवळचा भाग बहुधा चांगला राहतो. विरलेला भाग ओळखण्याची युक्ति सोपी आहे. कापड उजेडाकडे धरून पाहावें. जेथें तें जाळीसारखें दिसतें तेथें दोन्ही अंगठ्यांनीं हलकेंच ताणावें. धागे सरकले किंवा तडकले, तर तेवढा भाग सोडून द्यावा. इ. स. १९६० नंतर नायलॉन, टेरिलीन यांच्या साड्या घरोघर आल्या व नऊवारी सुती लुगडीं कमी होत गेलीं. म्हणून आज कित्येक घरांत लुगडें मिळणार नाहीं. अशा वेळीं जुनें धोतर, पंचा, मलमलीचा तागा किंवा मऊ झालेली सुती चादर चालते. नायलॉनची साडी मात्र कितीहि मऊ लागली तरी घेऊं नये. ती ओल शोषीत नाहीं, आणि ठिणगी लागली तर वितळून कातडीला चिकटते. जरीचा कांठ, टिकल्या, मणी, खडे हे सर्व वर्ज्य.

रंगाची परीक्षाहि करावी. कापडाचा कोपरा भिजवून पांढऱ्या फडक्यावर घासला असतां रंग उतरला, तर तें कापड बाळासाठीं घेऊं नये. कारण मूल दुपट्याचा कोपरा तोंडांत घातल्यावांचून राहत नाहीं.

येथेंच एक धोक्याची सूचना देणें जरूर आहे. जुनीं लुगडीं पुष्कळदां ट्रंकेंत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलीं असतात. या गोळ्यांत नॅफ्थॅलीन नांवाचें द्रव्य असतें. कांहीं मुलांच्या रक्तांत जन्मतःच एका पाचक-द्रव्यासारख्या घटकाची, म्हणजे ‘जी-सिक्स-पी-डी’ या नांवाच्या एन्झाइमची, उणीव असते. अशा अर्भकांना नॅफ्थॅलीनचा वास लागलेल्या कपड्यांत गुंडाळलें, तर त्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊं शकते. आणि ही उणीव जन्मतांच ओळखूं येईल असें नसतें. म्हणून त्या गोळ्यांतलें कापड बाळासाठीं शक्य तों घेऊंच नये. आणि तयार चौघड्या ठेवतांना डांबराच्या गोळीऐवजीं कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरचुंडींत बांधून ठेवावा.

निवडलेलें कापड साबणाच्या कढत पाण्यानें धुवावें. पांढरें असेल तर उकळावें. नंतर तें कडक उन्हांत पूर्ण वाळवावें व इस्त्री करावी. इस्त्री दिसण्यासाठीं नव्हे. सुरकुती राहिली तर मापांत चूक होते आणि ती सुरकुती थरांच्या आंत कायमची शिवली जाते.

आतां माप. तान्ह्या मुलाची चौघडी एक वार लांब व पाऊण वार रुंद, म्हणजे ३६ इंच व २७ इंच, पुरेशी होते; नव्या मापांत हें सुमारें ९१ व ६९ सेंटिमीटर भरतें. याहून मोठी केली तर नवख्या हाताला सांवरत नाहीं, आणि बादलींत पिळतांनाहि जड जाते. वरचा एक व आंतले दोन असे तीन तुकडे याच मापाचे कापावे. सर्वांत खालचा तुकडा चारी बाजूंनीं दीड दीड इंच मोठा, म्हणजे ३९ इंच व ३० इंच, कापावा. त्याचाच पुढें गोट होतो. लुगड्याचा पन्हा ४५ इंच धरला आणि दोन्ही कांठ काढून टाकले, तरी ३९ इंच सहज निघतात. मग लांबींत ३० इंचांचा एक व २७ इंचांचे तीन तुकडे, म्हणजे एकंदर १११ इंच कापड लागतें. हें तीन वारांहून थोडेंसेंच अधिक झालें. नऊ वारांच्या लुगड्यांतून विरलेला भाग वगळूनहि एवढें चांगलें कापड निघावयास अडचण पडत नाहीं.

कांठ काढावयाचे ते कां, असें कोणी विचारील. कांठाची वीण दाट असते. ती मधल्या कापडासारखी आटत नाहीं, आणि सुईलाहि अडवते. तो थरांत राहिला तर चौघडीची कड वेडीवांकडी होते.

कापड सरळ कापण्याची खूण जुनीच आहे. जेथें कापावयाचें तेथें एक धागा सुईच्या टोंकानें उचलून ओढून काढावा. त्या जागीं बारीक रेघ उमटते. तिच्यावरून कातर चालवावी. डोळ्यांच्या अंदाजानें कापलेला तुकडा तिरपा होतो, आणि तिरपें कापड ताणलें असतां वाढतें. उभा-आडवा धागा सरळ राहिला, तर तुकडा चौकोनच राहतो.

थर मांडणें हें या कामाचें मर्म आहे. स्वच्छ पुसलेल्या फरशीवर खालचा मोठा तुकडा उलटी बाजू वर करून पसरावा. त्याचे चार कोपरे चार पाटांखालीं दाबावे. मधून कडेकडे तळहात फिरवून तो सपाट करावा. ओढूं मात्र नये. ओढून ताणलेलें कापड पाट काढतांच आखडतें. त्यावर चारी बाजूंनीं दीड इंच सोडून आंतले दोन थर, आणि त्यांवर सुलटी बाजू वर करून शेवटचा थर अंथरावा. प्रत्येक थर पसरल्यावर तळहात पुन्हां मध्यापासून बाहेरच्या बाजूस फिरवावा.

नंतर कच्ची टीप घालावी. डोळ्यांत भरेल अशा निराळ्या रंगाचा दोरा घ्यावा, आणि लांब लांब टांक्यांनीं प्रथम उभ्या मध्यरेषेवर, मग आडव्या मध्यरेषेवर, मग दोन्ही तिरकस रेषांवर अशी टीप घालावी. प्रत्येक रेषा मध्यापासून सुरू करून कडेपर्यंत न्यावी. टांचण्या वापरल्या तर त्या मोजून लावाव्या व मोजूनच काढाव्या. पण कच्ची टीप अधिक बरी, कारण ती टोंचत नाहीं व हरवतहि नाहीं. नवशिक्यांना या पायरीचा कंटाळा येतो. पण चार सुटे थर हे चार सुट्या माणसांसारखे आहेत. त्यांना आधीं एका जागीं बसविलें नाहीं, तर शिवण सुरू होतांच प्रत्येक जण आपल्या वाटेनें निघतो.

आतां मुख्य शिवण. सुई मध्यम जाडीची व मोठ्या नाकाची घ्यावी. दोरा जाड सुती. दोरा दीड हातापेक्षां लांब घेऊं नये, नाहींतर त्याला पीळ पडून गांठी बसतात. मेणाच्या तुकड्यावरून दोनदां ओढला, तर तो गुळगुळीत होऊन थरांतून सहज सरकतो. मधल्या बोटांत अंगुस्तान घालावें. चार थरांतून सुई पुढें ढकलावी लागते, आणि अंगुस्तानावांचून एका दुपारींत बोट सोलून निघतें.

टांका एकच, धांवदोऱ्याचा. सुई वरून खालीं व खालून वर अशी तीनचार वेळां नागमोडी घेऊन मग दोरा ओढावयाचा. वरच्या बाजूस इंचाला चार टांके दिसले म्हणजे पुरे. ते अगदीं सारखे यावे असा हट्ट नवशिक्या हातानें धरूं नये. रेषा सरळ राहिली कीं शिवण चांगली दिसते. पट्टी व खडू घेऊन लांबीच्या दिशेनें दोन बोटांच्या, म्हणजे सुमारें दीड इंचाच्या, अंतरावर रेषा आंखाव्या. मधली एक व दोन्ही बाजूंना आठ आठ अशा सतरा रेषा येतात. प्रत्येक रेषा एक वाराची. म्हणजे एकंदर शिवण सतरा वार. नवख्या हाताला एका रेषेस अर्धा तास लागतो असें धरलें, तर हें साडेआठ तासांचें काम झालें. रोज दुपारीं दोन तास दिले, तर पांचव्या दिवशीं तें संपतें.

शिवण मधल्या रेषेपासून सुरू करावी, आणि एक रेषा उजवीकडे तर पुढची डावीकडे असें करीत कडांकडे जावें. खेड्यांतल्या जाणत्या बायका याच्या उलट करतात. त्या कडेपासून सुरुवात करून चौकटीच्या आंत चौकट अशी शिवण फिरवीत मध्याकडे येतात, आणि ती शिवण फार सुरेख दिसते. पण त्यांचा तळहात अनेक वर्षांचा असतो. सुई चालते तेव्हां ती वरचें कापड किंचित् पुढें ढकलते. कडेपासून आंत येतांना हें ढकललेलें कापड मध्यावर सांचतें आणि तेथें फुगा येतो. जाणती बाई प्रत्येक फेऱ्यांत तो फुगा हातानें थोडा थोडा जिरवीत येते. नवशिक्याला तें साधत नाहीं. मध्यापासून कडेकडे गेलें, तर जादा कापड बाहेर निघून जातें व फुगा राहत नाहीं. पहिल्या दोनतीन चौघड्या अशा झाल्यावर मग चौकटीची शिवण जरूर करून पाहावी.

दोरा फार आंवळूं नये. आंवळला तर चौघडी आखडते आणि टांका कापडांत रुतून पुढें तें तेथेंच फाटतें. अगदीं सैल सोडला तर त्याचे फांसे सुटे लोंबतात. टांका बसल्यावर कापड दोन्ही हातांनीं हलकें पसरावें. दोरा न तुटतां कापड सपाट झालें, कीं ओढ बरोबर आहे असें समजावें. शिवणीमुळें वरच्या अंगाला बारीक लहरी उठतात. त्या दोष नव्हेत. चार पातळ थर एका जाड कापडाहून अधिक ऊबदार होतात याचें कारण त्यांच्यामध्यें कोंडलेली हवा हें आहे. स्थिर हवेंतून उष्णता सावकाश जाते, आणि त्या लहान लहान लहरी हवेचे कप्पे उघडे ठेवतात.

दोऱ्याच्या सुरुवातीची गांठ थरांच्या आंत लपवावी. सुई दोन थरांमधून घालून हलकेंच ओढली म्हणजे गांठ आंत जाऊन बसते. दोरा संपतांना दोन उलटे टांके घालून टोंक थरांमधून एक बोटभर फिरवावें व मगच कापावें. याचें महत्त्व दिसण्यापेक्षां फार मोठें आहे. सुटलेला लांब दोरा किंवा केंस तान्ह्या मुलाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो. मूल पाय झाडतें तसा तो आंवळतो, बोटांतील रक्ताचा प्रवाह अडतो, आणि बोट सुजून लाल-काळें पडतें. मूल अखंड रडत असतें व कारण कोणाच्या लक्षांत येत नाहीं. म्हणून मूल विनाकारण रडूं लागलें, तर त्याच्या हातापायांचीं बोटें एकदां पाहावीं, आणि चौघडीचे सुटे दोरे वेळच्या वेळीं कापावे.

शिवण झाली म्हणजे गोट. खालच्या तुकड्याची बाहेर राहिलेली दीड इंचाची कड अर्धी दुमडून वरच्या थराच्या कडेला भिडवावी. मग ती पुन्हां एकदां दुमडून वरच्या थरावर आणावी व बारीक टांक्यांनीं तुरपून घ्यावी. यानें पाऊण इंचाचा नीटनेटका गोट बसतो, आणि सर्व कच्च्या कडा आंत झांकल्या जातात. आधीं दोन समोरासमोरच्या बाजू व मग उरलेल्या दोन अशा क्रमानें काम केलें म्हणजे कोपरे सहज बसतात. गोधडीची गंमत हवी असेल, तर आजीच्या लुगड्याचा किंवा आजोबांच्या सदऱ्याचा एखादा चौकोनी तुकडा, कडा आंत दुमडून, वर ठिगळासारखा लावावा. मुलाला त्याचें कांहीं वाटणार नाहीं. पण पुढें घरांतील मोठीं माणसें त्या ठिगळावर बोट ठेवून ज्या गोष्टी सांगतील, त्या त्याला दुसरीकडे ऐकावयास मिळणार नाहींत.

काम संपल्यावर कच्ची टीप काढून टाकावी. सुया व टांचण्या मोजाव्या. एक जरी कमी भरली, तरी ती सांपडेपर्यंत चौघडी मुलाजवळ नेऊं नये. शंका असल्यास लोहचुंबक सर्व पृष्ठावरून फिरवावें व तळहातानें प्रत्येक भाग दाबून पाहावा. मग चौघडी एकदां धुवून उन्हांत वाळवावी. खडूच्या रेघा जातात, थर एकमेकांत बसतात, आणि तिला खरा मऊपणा येतो.

आतां ती वापरावी कशी, हा प्रश्न उरतो. आणि जुन्या समजुतींत बदल करावयाची गरज असेल तर ती येथेंच. गोधडी म्हटली कीं ती मुलाच्या अंगावर घालावी व गळ्यापर्यंत ओढावी, असें प्रेमळ आजीला वाटतें. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीस अर्भकांच्या झोपेंतील आकस्मिक मृत्यूंचा पुष्कळ अभ्यास झाला. मुलाला निजवितांना उताणें निजवावें, असा प्रचार ब्रिटनमध्यें इ. स. १९९१ पासून व अमेरिकेंत इ. स. १९९४ पासून झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत त्या देशांतील असे मृत्यु निम्म्याच्या आसपास कमी झाले. त्याच अभ्यासांतून निघालेली दुसरी सूचना अशी कीं, पहिलें वर्ष पुरें होईपर्यंत झोंपलेल्या मुलाजवळ सुटें पांघरूण, उशी किंवा मऊ लोड ठेवूं नये. तान्ह्या मुलाला तोंडावर आलेलें पांघरूण दूर सारतां येत नाहीं. त्याचा श्वास कोंडतो, किंवा अंग फाजील तापतें.

याचा अर्थ चौघडी निरुपयोगी झाली असा नाहीं. मूल जागें असतांना तिला जमिनीवर सतरंजीवर अंथरून त्यावर त्याला खेळवावें. कोणाची तरी नजर असतांना त्याला त्यावर पालथें पडूं द्यावें. मांडीवर घेतांना, तेल लावतांना, न्हाऊं घातल्यावर टिपून घेतांना, उन्हांत बसतांना तिचा उपयोग करावा. कडेवर घेऊन बाहेर नेतांना अंगाभोंवतीं गुंडाळावी, पण नाकतोंड उघडें ठेवावें. रात्रीं थंडी असेल, तर सुटें पांघरूण घालण्यापेक्षां मुलाच्या अंगांत एक सुती वस्त्र अधिक घालावें. झोंपण्याची गादी टणक व सपाट असावी, आणि तिच्यावर ताणून बसविलेल्या चादरीखेरीज दुसरें कांहीं नसावें. दिवस पुरे होण्याआधीं जन्मलेल्या किंवा वजनानें फार कमी असलेल्या मुलाला चौघडीपेक्षां आईच्या छातीशीं कातडीला कातडी लावून मिळणारी ऊब अधिक हिताची ठरते. त्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मूल वर्षाचें झाल्यावर मात्र तीच चौघडी त्याचें पहिलें पांघरूण होऊं शकते.

एका मुलास एक चौघडी पुरत नाहीं. पावसाळ्यांत जन्मणाऱ्या मुलासाठीं दोन थरांचीं दुपटीं चारपांच करावीं, कारण चार थर दमट हवेंत वाळावयास वेळ लागतो. थंडीसाठीं चौघड्या दोन कराव्या. अर्धवट वाळलेली चौघडी घडी घालून ठेवली, तर तिला बुरशी येते. म्हणून बोटांनीं दाबून आंतला थर कोरडा लागल्याखेरीज ती उचलूं नये. एखादा टांका उसवला, तर तेव्हांच शिवावा. एक टांका सुटला कीं त्या रेषेंतले पुढचे टांके सैल पडतात.

नीट वापरलेली चौघडी दोन मुलांना सहज पुरते. वरचा थर विरला तर ती फेकावयाची नसते; त्यावर नव्या मापाचा एक जुनाच तुकडा घालून पुन्हां त्याच रेषांवरून धांवदोरा फिरवावा. अगदीं जीर्ण झाल्यावर ती मोठ्या गोधडीचा आंतला थर होते. अशा रीतीनें आजीचें लुगडें नातवाच्या दुपट्यांत आणि नातवाचें दुपटें पुढें कोणाच्या तरी गोधडींत जगत राहतें. आज घरोघर एखाद्या कपाटाच्या तळाशीं शेवटचें सुती लुगडें पडून असेल. तें दान द्यावें कीं फरशी पुसावयास काढावें, असा विचार चालू असेल, तर त्यांतले तीन वार आधीं बाजूला काढावे. सुई, दोरा आणि पांच दुपारी एवढ्यावर त्याचें पुढचें आयुष्य अवलंबून आहे.